चाळणीत ऊब भरता येत नाही

मागच्या डिसेंबरात एका निकाहच्या दावतीत हात धुवायला रांगेत उभा होतो. मागे उभे असलेले एक साहेब, लांबच्या नात्यातलेच, चांगल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "क्यूं मास्टर, सुना घर में गादी भर रै तुम? बीएड करके बी पिंजारपना गया नै?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. दावतीत दुसरं काय करणार? पण किन्हीराजाला घरी पोचेपर्यंत ते हसू घशात अडकून राहिलं होतं.

उत्तर तिथेच द्यायला हवं होतं. नाही दिलं, म्हणून इथे देतो. आणि ते फक्त त्या साहेबांना नाही. त्या महिन्यात मला आणखी दोन जणांनी शहाणपण शिकवलं, त्यांनाही त्यातच उत्तर आहे.

आधी हकीकत. ती गादी नव्हती. माझी थोरली अमरावतीला शिकते. मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला जायचं तिने ठरवलं. उंची साडेबारा हजार फुटांच्या आसपास, हिवाळ्यात बर्फ, रात्री तंबूत झोपायचं आणि पारा शून्याच्या खाली. तिने सामानाची यादी पाठवली, त्यात पिसांची म्हणजे डाऊनची स्लीपिंग बॅग होती. किंमत बघितली आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. मग विचार केला, पिसं भरलेली पिशवी शिवायची एवढंच ना? ज्या घरात तीन पिढ्या रजया भरल्या, त्या घरात ही होणार नाही?

पुण्यात राहणारा एक जुना वर्गमित्र आहे, दर शनिवारी कुठल्यातरी गडावर असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, असलं काही घरी होत नसतं. त्याचं तंत्रज्ञान असतं. कंपनीचीच घ्या, नाहीतर भाड्याने घ्या." हे पहिलं शहाणपण. दुसरं शाळेतल्या एका सहकाऱ्याचं. ते स्वदेशीवाले. "सर, कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात राहता आणि नायलॉन शोधता? आपली खादी घ्या, आपला कापूस भरा." तिसरं शहाणपण त्या दावतीतलं.

तिघांचं म्हणणं तीन दिशांचं, पण एका बाबतीत तिघे सारखे. तिघांपैकी एकानेही कापडाला हात लावला नव्हता.

माझा मुद्दा एवढाच आहे. ऊब देणाऱ्या वस्तूबद्दल आपण फक्त भरण विचारतो. कापूस की फायबर, फायबर की पीस? कापड कुठलं, हे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात ऊब टिकणार की जाणार हे कापडावर ठरतं. कापड ओळखणं ही विद्या आहे, ती आपल्याच बिरादरीच्या बोटांत होती, आणि तिची सगळ्यात जास्त लाज आपल्यालाच वाटते.

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो, म्हणजे मी उंटावर बसून शेळ्या हाकतोय असं कोणाला वाटायला नको. पिसं मिळवली जुन्या बाजारातून. परदेशातून आलेली, कोपर फाटलेली, चेन तुटलेली तीन जॅकेटं घेतली. उसवून पिसं काढली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली, ४२० ग्रॅम भरली. कापड मात्र मी डोळ्यांनी निवडलं. तालुक्याच्या बाजारात अस्तराचं साटीन मिळतं, चकचकीत, घसरतं, हलकं. जॅकेटच्या कापडासारखं दिसलं, घेऊन आलो.

अब्बा ओसरीवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. नजर कमी झाली आहे, बोटं तेवढी शाबूत आहेत. त्यांनी कापड चिमटीत धरून चोळलं, मग ओठांना लावून फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली. कापड माझ्या मांडीवर टाकत म्हणाले, "ये छन्नी है बेटा. छन्नी में गर्मी भरते क्या?"

मी ऐकलं नाही. मनात म्हटलं, अब्बांनी आयुष्यभर कापूस भरला, त्यांना पिसांचं काय कळतं? एक कप्पा शिवून, भरून, रात्री अंगावर घेऊन झोपलो. फजरला उठून मुसल्ला अंथरला तर माझ्या कुर्त्यावर, दाढीत, मुसल्ल्यावर पांढरी पिसं. बायको म्हणाली, रात्रभर कोंबडी सोलत होतात का? साटीनचं विणकाम असं असतं की एक धागा तीन-चार धाग्यांवरून उडी मारून जातो. त्यामुळे ते चमकतं, पण धागे सरकतात आणि पिसाचं टोक वाट काढतं. अब्बांना हे एका फुंकरीत कळलं होतं. मला चार मीटर कापड वाया घालवून कळलं.

आता मास्तरकी करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पिसात गरमी नसते, कापसातही नसते. गरमी आपल्या अंगात असते. भरणाचं काम एकच, हवा अडकवून ठेवणं. थांबलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची, मोठ्या पिसांच्या खालची मऊ पिसं. त्यांना मधली कडक दांडी नसते. एका बिंदूतून चहूकडे तंतू फुटलेले असतात, म्हाताऱ्या उडतात ना वाऱ्यावर, तशी. बऱ्यापैकी चांगल्या प्रतीची २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली तर ६०० घन इंच जागा व्यापतात, म्हणजे जवळपास दहा लिटरची बादली. मूठभर वजनात बादलीभर थांबलेली हवा, ही त्याची सगळी जादू. कोंबडीच्या पिसांनी हे होत नाही. त्यांना दांडी असते, ती टोचतेही आणि फुलतही नाही.

अब्बा धुनकीवर हेच करायचे. तातेचा टणत्कार करत दाबलेला कापूस मोकळा करायचा, म्हणजे त्यात पुन्हा हवा भरायची. दोन-तीन हिवाळ्यांत रजई चपटी होते, गार लागते. कापूस तोच, वजन तेवढंच, पण हवा गेलेली. म्हणून पिंजाऱ्याला बोलावायचं. त्याला मजुरी हवा भरण्याची मिळत होती, असं मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं हसतात, आणि मग त्यांना विज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेचा धडा लगेच कळतो.

आता ही हवा धरून ठेवायची कोणी? कापडाने. आणि कापडाकडून आपण उलटसुलट गोष्टी मागतो. ते इतकं दाट हवं की पीस बाहेर येऊ नये आणि वारा आत घुसू नये. इतकं हलकं हवं की पिसांना दाबू नये, कारण दाबलेलं पीस म्हणजे गेलेली हवा. आणि इतकं मोकळं हवं की झोपलेल्या माणसाच्या अंगातली वाफ बाहेर जावी. ती आत राहिली तर पिसं ओली होतात, ओली पिसं एकमेकांना चिकटून गोळा होतात, मग बादलीभर हवेची मूठभर लादी होते. या मागण्या एकाच कापडात बसवणं ही खरी कारागिरी आहे. पिसं तर बदकाने फुकट दिलेली असतात.

पुण्याचा मित्र म्हणतो तसं याला तंत्रज्ञान आहे, मान्य. पण ते आलं कुठून? त्याच्याच शहरातली गोष्ट त्याला सांगतो.

१९२२ साली इंग्रजांची एव्हरेस्ट मोहीम निघाली. मंडळी खानदानी. अंगात लोकरी कोट, ट्वीड, गॅबर्डिन. त्यांच्यात जॉर्ज फिंच नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने स्वतःच्या डोक्याने एक कोट बनवून घेतला. आत आयडर बदकाची पिसं आणि बाहेर आकाशात उडणाऱ्या बलूनचं कापड. लोकांनी त्या फुगीर कोटाची टिंगल केली. वर थंडी वाढली तशी टिंगल थांबली आणि हेवा सुरू झाला. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस जवळपास ८,३२० मीटरपर्यंत गेले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणी माणूस चढल्याची नोंद नव्हती.

आता बघा, पिसांची दुलई युरोपात शेकडो वर्षं होतीच. फिंचने पीस शोधलं नाही. त्याने कापड शोधलं. हवा सुटू नये म्हणून बनवलेलं कापड उचलून त्याने दुसऱ्याच कामाला लावलं. दुकानात तसला कोट मिळत नव्हता, म्हणून करवून घेतला. हाच फिंच १९५२ ते १९५७ पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचा संचालक होता. म्हणजे आज पुण्यात जे लोक 'हे घरी होत नसतं' म्हणतात, त्यांच्याच पाषाण रोडवर पाच वर्षं तो माणूस कामाला जात होता, ज्याने दुकानात न मिळणारा कोट डोकं लावून घडवून घेतला.

कंपनीचा माल वाईट असतो असं मी म्हणत नाही. चांगला असतो, पैसे असतील तर जरूर घ्या. माझा राग त्या वाक्यावर आहे, 'घरी होत नसतं.' हे वाक्य माणसाला कायमचं गिऱ्हाईक करून ठेवतं. मोल देतो, पारख करत नाही. लेबल वाचतो, कापड चिमटीत धरत नाही. आणि ज्याला पारख नाही त्याला महाग वस्तूतही फसवता येतं.

पारख अवघड नाही. अब्बांची फुंकर आणि पुस्तकातली माहिती एकत्र करून आम्ही बापलेकीने जे केलं ते लिहितो.

पहिली परीक्षा फुंकरीची. कापड ओठांना घट्ट लावून फुंका. हवा सरळ गेली तर चाळणी. अजिबात गेली नाही तर त्यावर रबरासारखा लेप आहे, रेनकोटचं किंवा तंबूचं कापड. तेही नको, आत घाम साचेल. जोर लावल्यावर थोडी, कुरकुरत जाणारी हवा, ते आपलं कापड. दुसरी परीक्षा उजेडाची. कापड खिडकीसमोर धरा, टाचणीच्या टोकासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या. तिसरी वजनाची. दुकानदाराला म्हणायचं, एक मीटर कापून दे, घरी मोजतो. दीड मीटर पन्ह्याचं एक मीटर कापड साठ ग्रॅम भरलं, तर एका चौरस मीटरचं वजन चाळीस ग्रॅम. सातवीचं गणित आहे. चौथी आणि शेवटची, छोटी उशी शिवून पिसं भरायची आणि दोन दिवस पोराटोरांना चोळायला, मारामारी करायला द्यायची. त्यातून पीस बाहेर आलं नाही तरच बाकीचं कापड घ्यायचं.

गणित पुढे नेऊ. आमची पिशवी उलगडली की दोन मीटर लांब, १.४ मीटर रुंद. आतलं आणि बाहेरचं मिळून ५.६ चौरस मीटर कापड. गादीचं जाड कापड आमच्या काट्यावर चौरस मीटरला १८० ग्रॅम भरलं, म्हणजे पिशवीला एक किलोवर कापड. त्यात पिसं ४२० ग्रॅम! किलोभराच्या ओझ्याखाली ती फुलणार कशी? चांगलं दाट कॅम्ब्रिक ११० ग्रॅम भरलं, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. आणि ज्याला आपल्या बाजारात 'पॅराशूट' म्हणतात त्या पातळ नायलॉनचे चार-पाच नमुने बघितले. त्यातले तीन लेप लावलेले निघाले, एक चाळणी, आणि एक फुंकरीच्या परीक्षेत पास. ते ४५ ग्रॅम भरलं, म्हणजे पूर्ण पिशवीला अडीचशे ग्रॅम. गादीच्या कापडाच्या चौथा हिस्सा.

असल्या कापडाचा धागा 'डेनियर'मध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. वीस डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर लांब धागा आणि वजन वीस ग्रॅम. असे धागे दाट विणून, वर गरम रुळांतून दाबून काढतात, म्हणजे धागे चपटे होऊन मधल्या फटी बुजतात. रुळांतून काढलेली बाजू किंचित चमकते, ती आत, पिसांकडे ठेवायची. काही कापडांत मध्येमध्ये जाड धाग्याच्या चौकटी असतात, फाटलं तर चौकटीपाशी थांबतं. एवढंच ते 'तंत्रज्ञान'. समजलं की भीती जाते.

शिवणही कापडाचाच भाग समजा. दर्जीच्या मशीनला बहुतेक सोळा नंबरची सुई असते, ती काढून नऊ नंबरची नवी लावायची. सुईने पाडलेलं भोक हे कापडातल्या कुठल्याही फटीपेक्षा मोठं असतं, पीस तिथूनच पळतं. टाका जरा लांब ठेवायचा, म्हणजे भोकं कमी. आणि रजईसारखी वरून खाली आरपार टीप मारायची नाही. टीप पडली तिथे भरण शून्य, तिथून थंडी आत. वरच्या आणि खालच्या कापडामध्ये उभ्या पट्ट्या लावून कप्पे करायचे. त्या पट्ट्या आम्ही मच्छरदाणीच्या जाळीच्या लावल्या, वजन जवळजवळ नाहीच.

आता स्वदेशीवाल्या मित्राकडे येतो. त्यांच्याशी माझं भांडण प्रेमाचं आहे, पण भांडण आहे.

वऱ्हाडातल्या कोरड्या थंडीत, घरात, खाटेवर, पिंजलेल्या कापसाची रजई अंगावर असेल तर मला जगातलं दुसरं पांघरूण नको. सह्याद्रीतल्या बहुतेक रात्रींनाही पिसांची गरज नाही. पण आमच्या घरची रजई चार किलोची आहे. ती पाठीवर घेऊन बर्फात चढायचं? कापूस पाणी पितो आणि सोडायला वेळ लावतो. बर्फातल्या ओल्या थंडीत ओला कापूस अंगावर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. कापसाचा अभिमान असावा, पण पोरीच्या जिवावर नको. नायलॉनचेही दोष आहेतच. उन्हाने कुजतं, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून मुलीला बजावलं होतं, शेकोटीजवळ ही पिशवी न्यायची नाही.

आणि खरा अभिमान वाटायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये 'व्हेंटाइल' नावाचं कापड तयार झालं, समुद्रात पडलेल्या वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून. ते शंभर टक्के सुती होतं. लांब धाग्याचा कापूस इतका दाट विणलेला की पाणी लागलं की धागे फुगून फटी बंद होतात. म्हणजे कापसात दम होता. दम काढायची विद्या मँचेस्टरकडे होती. आपल्याकडे काय होतं? १८५३ साली कंपनीने निजामाकडून वऱ्हाड घेतला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाठी बांधून आपण विलायतेला पाठवल्या आणि तिकडचं कापड विकत घेतलं. कच्चा माल आपला, पारख त्यांची. आज आमच्या वाशीम जिल्ह्यात शेतात सोयाबीन जास्त दिसतं, पण सवय तीच राहिली. पिकवायचं आपण, ओळखायचं दुसऱ्याने. 'आपली खादी घ्या' म्हणणाऱ्या किती जणांना मांजरपाट आणि कॅम्ब्रिक डोळे मिटून बोटांनी वेगळं सांगता येईल? अब्बांना येतं. त्यांना कोणी स्वदेशीच्या भाषणाला बोलावत नाही.

आता दावतीतले साहेब.

साहेब, 'पिंजारपना' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. आपल्या समाजात तो तसाच वापरतात. पिंजारी, जुलाहा, तांबोळी, कसाई, फकीर, ही सगळी नावं आपण दुसऱ्याला खाली दाखवायला वापरतो आणि वर मिंबराकडे बोट दाखवून सांगतो की इस्लाममध्ये जात नाही. इस्लाममध्ये नाही, खरं आहे. आपल्यात आहे. मुलाच्या अ‍ॅडमिशनला ओबीसीचा दाखला काढायचा असेल तेव्हा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं 'पिंजारी' आपण भिंग लावून शोधतो. काम झालं की लग्नपत्रिकेवर दुसरंच आडनाव छापतो. तहसील कार्यालयात पिंजारी आणि शादीखान्यात खानदानी. ही दुटप्पी शिवण कुठल्या नंबरच्या सुईने घालता?

आणि ज्या परंपरेचा दाखला देऊन तुम्ही उच्चनीच ठरवता, तिच्यात डोकावून बघा. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ पिंजारी. हल्लाज, अर्थ तोच. इ. स. ९२२ साली बगदादमध्ये सुळी गेलेल्या मन्सूर अल-हल्लाजच्या नावावरूनच आपली मन्सुरी बिरादरी आपलं नाव सांगते. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. उमर खय्यामने गणित केलं, पंचांग सुधारलं, आणि तंबूवाल्याचं नाव अभिमानाने मिरवलं. ज्यांच्या मसलकावर आपण नमाज पढतो ते इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. मालातल्या एका कापडात दोष होता. भागीदाराला सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाइकाला तो दाखवून मगच विक. भागीदार विसरला. इमामसाहेबांना कळलं तेव्हा त्या विक्रीचा सगळा पैसा त्यांनी सदका करून टाकला. मी विचार करतो, दोष दाखवायला आधी दोष ओळखता यावा लागतो. म्हणजे आपल्या इमामांना कापड चिमटीत धरता येत होतं. तुमच्या हिशेबाने त्यांनाही हसणार का?

पिसांवरूनही एकाने कुरकुर केली, "पाक है क्या?" हनफी फिकहमध्ये केस, लोकर, पिसं पाक मानली आहेत. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांकडे, मत जास्त कडक आहे, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. माझा स्वतःचा अडसर वेगळा होता. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची पिसं उपटतात. तो जुलूम आहे आणि त्याची ऊब मला नको होती. आइसलंडमध्ये आयडर बदकाच्या घरट्यातून, पक्ष्याला हात न लावता पिसं गोळा करतात, तशीही रीत जगात आहे. आमचा प्रश्न जुन्या जॅकेटांनी सोडवला. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावलं, नवं पाखरू उपटावं लागलं नाही.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. मुलांना पुन्हा पिंजारी करा, असं माझं म्हणणं नाही. अब्बांची धुनकी माळ्यावर आहे आणि ती तिथेच राहू दे. त्या धंद्याने अब्बांना खोकला दिला. कापसाची बारीक धूळ चाळीस वर्षं छातीत गेली, तोंडाला फडकं बांधण्यापलीकडे कोणी काही सांगितलं नाही. हिवाळ्यात गावोगाव फिरायचं, कोणाच्या अंगणात जागा मिळायची, कोणी पाणी वरून ओतायचं. त्या दिवसांना मी सोनेरी मुलामा देणार नाही. धंदा गेला तर जाऊ दे. त्याच्याबरोबर पारख का जावी? डॉक्टर वैद्यकी सोडून राजकारणात गेला तरी नाडी बघायचं विसरत नाही. आपण मात्र बीएडची डिग्री घेतली की बोटं धुऊन टाकतो.

शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. त्या तासाला वर्षानुवर्षं आपण कागदी फुलं करून घेतो. या वर्षी मी सातवी-आठवीच्या मुलांना दहा कापडांचे तुकडे दिले. फुंका, उजेडात धरा, थेंब टाका, मोजा आणि लिहा, मराठीत आणि उर्दूत. कुठलं कापड उशीला, कुठलं रजईला, कुठलं पावसाला, का? मुलींच्या आणि मुलांच्या, दोघांच्या हातात सुई दिली. ज्या पोराच्या वडिलांचं गावात शिवणाचं दुकान आहे तो एरवी शेवटच्या बाकावर असतो. त्या दिवशी तो सगळ्यांना ताणा-बाणा समजावत होता. माझ्या तमाम शिक्षक मित्रांना विनंती आहे, एक तास हे करून बघा. खर्च शून्य. दर्जीकडचे कातरणीचे तुकडे पुरतात. आणि ज्यांच्या घरात कोणी म्हातारा पिंजारी, विणकर, दर्जी, रंगरेज हयात आहे, त्यांनी त्याला बोलतं करा. वेळ फार नाही.

पिशवीचं काय झालं? पूर्ण झाली, एक किलोच्या आत. मुलगी बर्फात तीन रात्री तिच्यात झोपली. परत आल्यावर तिने अहवाल दिला तो जसाच्या तसा सांगतो. झोप लागली, एक पीस बाहेर आलं नाही, पण डाव्या कुशीला एक रेघ गार लागत होती. मला माहीत होतं ती रेघ कुठली. शेवटच्या कप्प्याला जाळीची पट्टी संपली होती आणि रात्री अकरा वाजता कंटाळून मी तिथे आरपार टीप मारली होती.

अब्बांनी पिशवी मागवून घेतली. सगळ्या टिपांवरून बोट फिरवत गेले आणि बरोबर त्याच रेघेवर थांबले. "यहां आलस किया," एवढंच म्हणाले. येत्या रविवारी ती रेघ उसवायची आहे. त्या साहेबांना बघायचं असेल तर घर उघडं आहे, चहाही मिळेल.